कागदावर नसलेली मुलगी

१२ मार्च २०२०, गुरुवार

शटर खाली. साथ पसरू नये म्हणून सरकारचा हुकूम. दुकानात तेवीस पांढरे झगे टांगलेले आहेत – मे महिन्यात मुली चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेतात, त्या पहिल्या कम्युनियनचे. फादरना फोन केला. म्हणाले, समारंभ पुढे ढकललाय. कधीपर्यंत? ते देवाला माहीत. म्हणजे यांना माहीत नाही.

ओर्नेल्ला खाली जाऊन झग्यांवर जुन्या चादरी टाकून आली. "आई, धूळ बसेल." दिवसभरात एवढंच बोलली. नवरा सोडून ती माझ्याकडे परत आली त्याला पंधरा वर्षं झाली, पण बोलणं अजून तिकडेच राहिलंय. आता वर घर, खाली बंद दुकान, मधे जिना आणि आम्ही दोघी.

१५ मार्च

संध्याकाळी सहाला लोक गॅलरीत उभे राहून गाणी म्हणतात. धीर येतो म्हणे. समोरच्या बाईने मलाही हात केला. मी खिडकी लावून घेतली. शाळेत सिस्टर जेसुआल्दा सांगायच्या – तोंड उघडायचं तर सुरात, नाहीतर मिटून ठेवायचं. अख्ख्या बितोंतो गावात त्यांची मी एकटीच विद्यार्थिनी उरलेली दिसते.

१८ मार्च

रोझान्नाचा फोन. तिच्या मुलीचा, मार्तिनाचा झगा तयार आहे.

"एर्मिनियाबाई, कम्युनियन सप्टेंबरात गेलं तर झगा होईल का हो तिला?"

"वाढत्या अंगाचा बेतलाय. आत चार बोटं दाब आहे, उसवला की झालं."

"नाही, उंचीचं नाही म्हणत मी…"

"रुंदीचं म्हणत असशील तर ते तेलकट फोकाच्चा पाव भाजायचं थांबव. रुंदीला दाब नसतो."

हसली. मग हळूच म्हणाली, ॲडव्हान्स परत मिळेल का, नवऱ्याचं काम बंद आहे. देते म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

२० मार्च

टीव्हीवर सांगितलं – स्वतःचा धंदा असणाऱ्यांना सरकार बंदीच्या महिन्याचे सहाशे युरो देणार. न्हावी, सुतार, शिंपी, सगळ्यांना. सहाशे! मंत्र्याच्या बायकोच्या पर्सचा नुसता पट्टा येत नाही तेवढ्यात. पण येऊ देत. माझ्या पेन्शनवर दोघी किती दिवस ओढणार? चाळीस वर्षं कर भरलाय मी, तोही रांगेत उभी राहून.

ओर्नेल्लाला सांगितलं. ती बटण लावत होती. मान वर न करता म्हणाली, "बघू."

१ एप्रिल, बुधवार

अर्जाचा पहिला दिवस. सकाळी सातपासून संगणकापुढे. साइट उघडत नाही. उघडली तर गुप्त क्रमांक मागते. क्रमांक दिला तर म्हणते अर्धाच आहे, उरलेला अर्धा टपालाने येईल. टपाल बंद! अकरा वाजता पान आपोआप मिटलं आणि माझं नाव, जन्मतारीख, सगळं गिळून बसलं.

शेवटी सावेरियोला फोन केला. तो कामगारांच्या मदत केंद्रात असतो, लोकांचे अर्ज भरून देतो. त्याच्या कम्युनियनचा कोट मीच शिवला होता. तेव्हाही गप्प उभा राहत नसे.

"एर्मिनियाबाई, तुम्हाला नाही मिळणार."

"का नाही?"

"तुम्ही पेन्शनवर आहात."

"पण दुकान माझ्याच नावावर आहे!"

"तेच तर. पैसे धंद्यात ज्याची नोंद त्याला, पण पेन्शनवाल्याला अजिबात नाहीत. पण त्यात काय एवढं? ओर्नेल्ला आहे ना. घरचं माणूस म्हणून तुमच्या धंद्यात तिची नोंद असेलच. तिचा अर्ज भरू."

मी म्हटलं, बघते. आणि फोन ठेवला.

२ एप्रिल

बघण्यासारखं काही नाही. नोंद नाहीच.

४ एप्रिल

झोप धड लागली नाही. इथे तरी खरं लिहावं.

या रस्त्यावर कुणीच आपल्या मुलीची नोंद करत नाही. न्हाव्याची बायको कागदावर गृहिणी. चांभाराचा मुलगा कागदावर बेकार. नोंद केली की दर तीन महिन्यांनी तिच्या नावाचा पेन्शनचा हप्ता भरावा लागतो. तो वाचवायचा. मग तपासनीस दारात दिसला की ओर्नेल्ला सुई खाली ठेवायची, पर्स उचलायची आणि गिऱ्हाईक व्हायची. एकदा तर त्याच्यासमोर तिने माझ्याशी भावावरून घासाघीस केली. "एवढ्या झालरीचे एवढे पैसे?" तपासनीस तिची बाजू घेऊन मलाच बोलला. तो गेल्यावर आम्ही पोट धरधरून हसलो. म्हणजे मी हसले. ती हसली होती का, ते आठवत नाही.

२००९ साली मला पेन्शन लागली तेव्हाच दुकान तिच्या नावावर करायचं ठरलं होतं. मी म्हटलं, हा हंगाम जाऊ दे. मग म्हटलं, पुढच्या वर्षी. अकरा वर्षं झाली. हप्त्याचं नुसतं निमित्त. दुकान तिच्या नावावर झालं असतं तर सकाळी जिना उतरून मी तिथे कोण म्हणून बसले असते?

सरकारला शिव्या घालायला बसले होते. तारीख घालून हे लिहून बसले.

७ एप्रिल

सावेरियोला विचारलं, ओर्नेल्लाची नोंद आता करून त्यावर मागची तारीख घालता येईल का.

"बाई, मागची तारीख घालायला मी पोप आहे का?"

"पोप कुठे घालतो?"

"मग? मी त्याच्याहून खालच्या पगारावर आहे."

दुपारी ओर्नेल्ला म्हणाली, "आई, तू तो अर्ज सोड ना आता."

मी भडकले. "सोडू कसा? तुझा हक्क आहे तो!"

हक्क! माझ्या तोंडून. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि इस्त्री तापवायला लागली. इस्त्री करायला घरात एकही कपडा नव्हता.

१० एप्रिल, गुड फ्रायडे

मिरवणूक नाही. सत्तर वर्षांत पहिल्यांदा. रस्त्यावर एक कुत्रं आणि एक पोलीस.

जेवताना सांगून टाकलं. फाव्याच्या दाण्यांचं वाटण, चिकोरीची भाजी, दोघींच्या मधे पाव. म्हटलं, "ओर्नेल्ला, तुला पैसे मिळणार नाहीत. मी तुझी नोंद कधी केलीच नाही. सरकारच्या लेखी तू पंधरा वर्षं माझ्याकडे नुसती उठबस केलीस."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून. पर्स घेऊन गिऱ्हाईक कोण व्हायचं, आई? तू का मी?"

सिस्टर असत्या तर मला गुडघ्यांवर बसवलं असतं. ओर्नेल्लाने काही केलं नाही. म्हणाली, "मीठ दे इकडे." मी दिलं. तिने घातलं नाही, तसंच बाजूला ठेवलं.

१२ एप्रिल, ईस्टर

कोकराचं मटण. दोघींना जास्त झालं.

१४ एप्रिल

लहान मुलांच्या कपड्यांची दुकानं आजपासून उघडी. आमचं नाही. आमच्या परवान्यावर 'शिवणकाम' लिहिलंय, 'मुलांचे कपडे' नाही. आमचा झगा अंगात घातला की आठ वर्षांची मुलगी मूल राहत नाही, असं सरकारचं मत. फोन करून बोलायचं होतं. कोणाला? तिथे रेकॉर्ड केलेली बाई बोलते. तिला उलट बोलता येत नाही आणि मला तिच्याशी भांडता येत नाही.

१६ एप्रिल, गुरुवार

सावेरियोला पुन्हा फोन. या वेळी सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. विचारलं, नोंद नसलेल्यांसाठी काहीच नाही का?

"नगरपालिकेची किराण्याची कुपनं आहेत."

माझी मुलगी! या तालुक्यात तिच्याइतकी बारीक टीप कुणाची नाही, आणि ती पास्त्याच्या कुपनासाठी रांगेत? पण म्हटलं, ठीक आहे, काय लागतं?

त्याने ओर्नेल्लाचा कर क्रमांक मागितला. मी वाचून दाखवला. टकटक ऐकू आली. मग म्हणाला, पुन्हा वाचा.

"बाई… ओर्नेल्लाची नोंद आहे."

"नाही रे. आत्ता काय सांगितलं मी तुला? मी केलीच नाही."

"आहे. शिवणकाम, स्वतंत्र धंदा. अर्जही गेलाय, एक तारखेलाच. मंजूर झालाय."

मी खुर्चीत बसले. म्हटलं, "म्हणजे कार्यालयाने घोळ घातला! अरे, जन्मभर यांच्या चुका माझ्या विरुद्ध झाल्या. एखादी तरी बाजूने व्हायला नको?"

"घोळ नाही हो बाई."

"मग काय?"

"ते तुम्ही तिलाच विचारा. मी बोललोच नाही असं समजा." आणि त्याने फोन ठेवला. हवामानावर वीस मिनिटं बोलणारा माणूस.

ओर्नेल्ला खाली दुकानात होती. चादरी झटकल्याचा आवाज येत होता. मी जिन्याच्या दाराशी उभी राहिले आणि परत आले. दोनदा.

१७ एप्रिल

विचारलं.

ऑक्टोबरपासून तिची स्वतःच्या धंद्याची नोंद आहे. शेजारच्या मोल्फेत्ता गावात दुकानासाठी जागा घेतलीय भाड्याने, स्टेशनच्या मागे. पाटीवर तिचं नाव. तेवीस मार्चला उघडणार होती. मला त्याच्या आधीच्या रविवारी सांगणार होती, तेवढ्यात बंदी आली.

म्हटलं, तुझं मशीन जिन्यापाशी आणून ठेवू या का, न्यायला बरं पडेल.

"राहू दे ते. तिथे मशीन आहे, आई."