कालवं जेट्टीवरून दिसली पाहिजेत

३ मे
आजपासून रोजनिशी. रोज पाच ओळी, आणि खोटं काही लिहायचं नाही. (म्हणजे याआधी लिहीत होतो असं नव्हे.)
प्रकल्पप्रमुख म्हणून माझं दुसरं वर्ष. खाडीतल्या जुन्या खडकावरची कालवं दोन उन्हाळ्यांत मरून गेली. शोधून शोधून एकतीस जिवंत कालवं मिळाली. लॅबवाल्या बाईंनी ती टाकीत ठेवली, पिल्लं मिळवली, रिकाम्या शिंपल्यांवर चिकटू दिली. एकशे ऐंशी जाळीच्या पिशव्या भरल्या. एकतिसांपैकी सव्वीस टाकीतच गेली, उरलेली पाच थकलीत. म्हणजे आता जे काही आहे ते या पिशव्यांत. बाई रडल्या. मी म्हणालो, पिल्लं आहेत ना! नेत्याला अशा वेळी खंबीर राहावं लागतं.

५ मे
पिशव्यांचा बांध कुठे रचायचा, यावर मीटिंग. बाई म्हणाल्या, ओहोटीच्या रेषेखाली, कायम पाण्यात. मी म्हणालो, वर, जेट्टीसमोर. एकोणीस तारखेला समिती येतेय. प्रकल्प चालू ठेवायचा की गुंडाळायचा ते तीच ठरवणार. आता समिती काय बुडी मारून बघणार आहे? पाण्याखालचं काम म्हणजे न केलेलं काम. बाई म्हणाल्या, पिल्लं नखाएवढी आहेत, कडक उन्हात उघडी पडली तर तासाभरात जातील. मी म्हणालो, कालव हा कठीण कवचाचा प्राणी आहे. मीटिंग संपली. निर्णयक्षमता हा माझा मोठा गुण. बाईंच्या चेहऱ्यावरून त्यांनाही तो जाणवला असावा.

८ मे
बांध झाला. मेव्हणा (हिचा धाकटा भाऊ, आमची बोट तोच चालवतो) म्हणाला, भाऊजी, इथे दुपारच्या ओहोटीला पाय भाजतात हो. म्हटलं, बूट घाल. प्रत्येक गोष्टीला उपाय असतो. जेट्टीवरून चौदा फोटो काढले. काय दिसतोय!

११ मे
समितीपुढच्या भाषणाला हात घातला. विषय: बदलतं हवामान आणि कालवं. नुसत्या तापमानवाढीवरच दोन पानं झाली. इतकं परिणामकारक उतरलंय की वाचताना मलाच उकडायला लागलं. एसी वाढवला.

१३ मे
इशारा आलाय. सोळापासून उष्णतेची लाट, एक्केचाळीस अंश. बाई धावतच केबिनमध्ये आल्या. सोळा, सतरा, अठरा, तिन्ही दिवस मोठी ओहोटी, तीही भर दुपारी. बांध तीन तास उघडा पडणार. पिशव्या आजच खाली हलवायला घ्या, म्हणाल्या. चार माणसं आणि बोट, दोन दिवसांचं काम. मी त्यांना शांतपणे थर्मामीटर दाखवला. सव्वीस. त्या म्हणाल्या, साहेब, हा तुमच्या केबिनमधला आहे. मला माहीत होतंच.

१४ मे
आता घरातही तोच विषय. भावाने सगळं सांगितलेलं दिसतंय. ही म्हणाली, बाईंचं ऐकलं असतंत तर काय बिघडलं असतं? मी म्हणालो, समिती यायच्या तोंडावर बांध हलवला तर जागा चुकली होती असं दिसेल. ही म्हणाली, मग चुकली नाहीये का? मी पाणी मागितलं. उठून घ्या, म्हणाली.
झोप नीट नाही. उकाडा, दुसरं काय.

१५ मे
तोडगा निघाला! पंप. ओहोटी असेपर्यंत बांधावर पाणी फवारत राहायचं. काही हलवायला नको, काही कबूल करायला नको. बाईंना सांगितलं, उद्या मी जातीने उभा राहणार. त्यांनी एवढंच विचारलं, पाणी घेणार कुठून? खाडीतून, आणखी कुठून! काही लोकांना शंकाच फार.

१६ मे
दु. १२.१०. पंप सुरू. फवारा झकास.
१२.४०. बांध पूर्ण उघडा. ऊन मी म्हणतंय. छत्री मागवली. (मला.)
१.१५. मेव्हणा खालून ओरडतोय. पाइपचं तोंड जेट्टीखालच्या डबक्यात आहे म्हणे. खाडी मागे सरकली, डबकं तेवढं उरलं. उतरून हात घातला. लगेच काढला. आंघोळीला काढलेल्या पाण्यासारखं गरम. इतका वेळ आपण हेच ओततोय.
१.२०. पंप बंद.
१.२५. पुन्हा सुरू. पुन्हा बंद. काय बरोबर ते सुचत नाही. बाईंना विचारावं का? त्या कुठे आहेत?
१.५०. बाई चिखलात आहेत. मेव्हणाही. गुडघाभर रुतत, दोन दोन पिशव्या उचलून खोल पाण्याकडे नेतायत. मला कोणी विचारलं नाही. मी वरून दोनदा 'सावकाश' म्हणालो.
३.३०. पाणी चढलं. बाई जेट्टीच्या पायरीवर बसल्यात. मी जवळ गेलो नाही.

१७ मे
मोजणी. एकोणचाळीस पिशव्या खाली नेता आल्या. त्यांतली निम्मी पिल्लं जिवंत. वरच्या एकशे एक्केचाळीस पिशव्यांत एकही नाही. कवचं उघडी पडलीत. वास सुटलाय.
समितीला ईमेल लिहायला बसलो. 'अभूतपूर्व उष्णतेमुळे' अशी सुरुवात केली. वाक्य ऐटदार होतं, पण पुढे जाईना. इशारा तीन दिवस आधी आला होता. बाईंनी तर पाचलाच सांगितलं होतं. मीच मारली ती. फार वाईट वाटतंय, आणि ते कुणाला सांगायची सोय मी ठेवलेली नाही.
समितीला तेवढंच लिहून पाठवलं. जागा मी निवडली, चूक माझी.
संध्याकाळी उत्तर आलं. समिती ठरल्या दिवशी येणार. बाईंना भेटायला.

१८ मे
परवा घाईत नेलेल्या पिशव्या उथळातच पडल्यात. आज दुपारच्या आत बोटीने उचलून आणखी खाली सोडायच्या. सकाळी बाईंकडे गेलो. दोन सूचना तयार होत्या, पण तोंडातून निघालं ते, मी काय करू? बाई म्हणाल्या, पिशव्यांची दोरी धरता येईल? म्हटलं, येईल. त्या म्हणाल्या, सांगेपर्यंत ओढायची नाही, आणि मधे बोलायचं नाही.
तीन तास धरली. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस पिशव्या खाली गेल्या. मी बोललो नाही.