हा वाटा कुणाचा?

ॲडम्सटाउन, पिटकेर्न बेट
१२ मार्च २००९

एल्विनदादा,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारावी असं आईनं शिकवलंय, म्हणून विचारते. खुशाल असशीलच. ऑकलंडात राहून न असायला काय झालं?

इकडे मध बरा निघालाय. गेल्या महिन्यात प्रवासी जहाज आलं, पण समुद्र खवळलेला, शिडीला होडी लागेना. कोरलेले लाकडी शार्क नि कासवं भरून नेली, तशीच परत आणली. वर्षाच्या कमाईचा दिवस फुकट गेला. हसू आलं ना? "लाकडी मासे विकून कुणाचं भलं झालंय," असं तू हर्लनला लिहिलंस. माझ्या मुलाला पत्रांवर पत्रं, आणि सख्ख्या बहिणीला एक ओळ नाही.

तू गेलास तेव्हा सुकाणूवर तुझ्या जागी तोच उभा राहिला. मिसरूडही फुटलं नव्हतं त्याला. आता धक्क्याजवळच्या लाटांत होडी कोण सांभाळणार? आमचे पाद्रीबाबा? होडी निघाली नाही तर जहाजातलं पीठ जहाजातच राहतं नि आमचा मध घरात. हे तुला पुरतं ठाऊक आहे. ठाऊक असून तू त्याला तिकडच्या गॅरेजातली नोकरी दाखवलीस. मला तुझा संताप येतो, दादा.

शुक्रवारी मासे भरपूर मिळाले. चौकात वाटे मांडले. वाटपात कुणाला झुकतं माप नको म्हणून आई कशी पाठ फिरवून उभी राहायची, आठवतं? एकेका वाट्यावर हात धरून कुणीतरी "हा कुणाचा?" विचारायचं आणि ती न बघता नाव घ्यायची. तू गेल्यावरही मरेपर्यंत तुझं नाव घेत राहिली. लोक चिडवायचे, "एल्विन काय पोहत येणार आहे, म्हातारे?" तिच्यामागं नावं मी घेते. तुझं एकदाही घेतलं नाही.

या वेळी विचारायला हर्लनच होता. शेवटच्या वाट्याला मी म्हटलं, "हर्लनचा."

"आई, पुढच्या वेळी मी नसेन."

"ठाऊक आहे. उचल."

चौकात कुणी हसलं नाही.

हे पत्र घेऊन तो तुझ्या दारात उभा असेल. त्याला आधी जेवू घाल, मग वाच. इथं दर वेळी त्याचा वाटा निघेल. ज्यांना चिडवायचं ते चिडवोत. तुझा मात्र निघणार नाही.

तुझी बहीण असं लिहवत नाही.

हर्लनची आई,
लुएला