जुईचं अंगावरचं तोडलं

३ फेब्रु., मंगळ.
जुई आज दीड वर्षाची झाली. शिरा केला. सासूबाईंनी तिला मांडीवर घेऊन जाहीर केलं, "आता अंगावरचं तोडायचं. पोरगी पीत राह्यली की दुसरं राहत नाय." दुसरं म्हणजे मुलगा. हे जेवत होते. मान वर केली नाही.

५ फेब्रु.
मी सासूबाईंना म्हटलं, आत्या, तुमचा मुलगा साडेतीन वर्षं प्यायला, तुम्हीच कौतुकानं सांगता. "त्यो पोरगा व्हता. पोरीला कशाला एवढे लाड?" मेथी निवडता निवडता बोलल्या. माझा हात थांबला, त्यांचा नाही.

८ फेब्रु., रवि.
कडुनिंबाचा पाला वाटून आणला त्यांनी. स्वतःच लावायला निघाल्या. वाटी ओढून घेतली, आत जाऊन मीच लावला. जुईनं "ललू, ललू" करत तोंड लावलं, थुंकली, माझ्याकडे बघितलं. मग माझ्याच ओढणीनं पुसलं आणि प्यायली! हसू आलं आधी. मग रडूच आवरेना.
शेजारच्या नसीमभाभी म्हणतात, "दो साल तो बच्चे का हक है. कायको तोडते?" यांना सांगितलं, तर म्हणे आता शेजारपाजाऱ्यांना विचारून घर चालवायचं का.

१० फेब्रु.
सासूबाई जुईला घेऊन गावी, पाचोडला गेल्या. आठ दिवस. आई दिसली नाही की पोर विसरतं म्हणे. नको म्हणायला हवं होतं. तिची पिशवी मीच भरली, फ्रॉक मीच घातला. फिरायला चाललोय म्हणून खूश होती. टाटा करत गेली.

१२ फेब्रु.
छातीचा दगड झालाय. फडकं आवळून बांधून कंपनीत गेले. पॅकिंगला खोकं उचललं की कळ. सुट्टीत बेसिनमध्ये पिळून टाकलं. तिचं होतं ते.
फोनवर सासूबाई, "पयल्या दिशी रातभर रडली. आता शानी झाली."
रातभर.

१८ फेब्रु., बुध.
रजा टाकली. आली ती. वाळलीय. मी दारातच खाली बसले, धावत येईल म्हणून. ती आजीचा पदर धरून उभी. दुपारी जवळ झोपली. हात सवयीनं माझ्या गळ्यापाशी आला. तिनंच मागं घेतला. उशीला थोपटत म्हणत होती, "ललू नाय, ललू नाय."
हे मी केलं. सासूबाईंनी सांगितलं, पण केलं मी.

१९ फेब्रु.
शिवजयंतीची सुट्टी. सगळे मिरवणूक बघायला गेले, मी आणि जुई घरी.
दूध अजून येतंय. कुणाला बोलले नाही. ठरवलंय, तिनं मागितलं तर देणार. सासूबाईंसमोर देणार. मग व्हायचं ते होऊ दे.
सकाळपासून तिच्याजवळच बसून आहे. खेळली, वरणभात खाल्ला, पाणी प्यायली.
मागितलं नाही.