पहिल्याच घासाला खुनी

अहो,

'प्रिय' लिहायला बसले आणि माझंच मला हसू आलं. उभ्या जन्मात 'अहो'च्या पुढं गेले न्हाई, आता कशाला जाऊ? लिहायचं कारण शेखभाई. तेच, आपल्या दुकानासमोर मोसंबीचा गाडा लावणारे. काल दारात येऊन म्हणाले, "भाभी, भाईंच्या त्या अमेरिकेतल्या गुप्तहेरांच्या किताबा वाचायच्या हायत. सुरुवात कुठून करू?"

मला सगळ्या पुस्तकांचे शेवट पाठ हायत, सुरुवात एकाचीही ठाऊक न्हाई. ही तुमची करणी.

चौसाळ्याच्या दुकानात दिवसभर पंपाच्या मोटारींना तार गुंडाळायची, गिऱ्हाईक नसलं की पुस्तक. घरी ताटावर बसलात की पहिल्याच घासाला, "सुमन, ती विधवाच खुनी निघाली बघ." मी म्हणायचे, सांगू नका, मला बी वाचायचंय कधीतरी. कानावर हात ठेवायचे, तर हाताचं पीठ केसांना लागायचं. आणि तुमी काय म्हणायचात? "तू कुठं वाचतीयस." लई राग यायचा. अजून येतो.

बाहेरच्यांना मात्र किती मनापासून सांगायचात! "आधी बारकं घ्या. ज्यात गुप्तहेर लवकर मार खातो, ते. जाड्या पुस्तकात तो नुसता दारू पीत बसतो, ते मागून." मला एकदा तरी असं सांगितलंत का?

म्हणून काल शेखभाईंना चहा देऊन बसवलं आणि तुमची ट्रंक उघडली. सगळ्यात बारकं काढलं, चाळलं. दुसऱ्याच पानावर ती विधवा आली, डोळ्याला रुमाल लावत. गुप्तहेर विरघळला. मी मोठ्यानं बोलून गेले, "अरे येड्या, तिनंच मारलंय नवऱ्याला."

शेखभाईंचा चेहरा पडला. म्हणाले, "भाभी, आता वाचायचं काय ऱ्हायलं?"

त्यांना दुसरं दिलं, तोंड मिटून. ते गेल्यावर एकेक उघडत गेले. ह्यात वकील, त्यात सख्खा भाऊ. जिथं हात घालावा तिथं तुमचा आवाज, तोही तोंडात घास असलेला. एक तरी माझ्यासाठी ठेवायचं होतं ना?

मग दुकानाची पिशवी आठवली. तुमी दुकानातच कोसळलात, तेव्हा कुणीतरी घरी आणून दिलेली. मी ती खुंटीवरून काढलीच नव्हती. आज सकाळी काढली. टेस्टर, पक्कड आणि एक पुस्तक, अर्ध्यावर पान दुमडलेलं. त्या दिवशी तुमी जेवायला आलाच न्हाईत. म्हणून ह्याचा खुनी मला ठाऊक न्हाई. तुमालाही न्हाई.

तिथंच खाली बसून रडले. इतके दिवस लोकांसमोर नीट रडताही आलं नव्हतं. मग डोळे पुसले आणि पहिलं पान उघडलं.

आता दुमडलेल्या पानापाशी आलेय. इथवर आपण दोघं होतो, पुढं मला एकटीला जायचंय. भीती वाटतीय, पण जाणार हाय. आणि एक कबूल करते. वाचून झालं की तुमच्या फोटोसमोर ताट घेऊन बसीन आणि पहिल्याच घासाला सांगीन, खुनी कोण ते.

कानावर हात ठेवायचे न्हाईत.

तुमची,
सुमन