पिल्लाची बशी

बाबा,

दुकानात आज माल उतरवायचाय, म्हणून लवकर निघते. ठिपक्याला बाटली द्यायची नाही, म्याँव म्याँव करून कितीही गळा काढला तरी! आता त्याला खायला शिकायचंय. उकडलेली कोंबडी कुस्करून, त्यात त्याचंच पावडरचं दूध कालवून बशीत ठेवलंय. जरा कोमट करून द्या.

काल एक गंमत झाली. बशी पुढे सरकवली, चमचा नाकाशी धरला, बोटाने तोंडाला लावलं, तरी पठ्ठ्या ढिम्म. शेवटी वैतागून मी माझं ताट घेऊन तिथेच फरशीवर बसले. मी दोन घास खाल्ले आणि हा थेट बशीत, चारही पायांनी! मी थांबले की तोही थांबायचा, खायला लागले की पुन्हा सुरू. आई नाही ना त्याला; खातात कसं, ते बघणार तरी कुणाकडे?

तुमच्यासमोरही असंच करतो का, ते मला जाणून घ्यायचंय. तुमचं ताट त्याच्या बशीशेजारी झाकून ठेवलंय. नुसतं तोंड हलवू नका, त्याला कळतं.

आल्यावर मी आधी बशी बघेन, मग खिडकीतली कुंडी. आई गेल्यापासून तुमचा भात मला तिथेच सापडतोय.

— धाकटी