गोळ्या दोघांनाही

मंगळवार, १७ फेब्रुवारी. संध्याकाळ.

क्लॅमिडिया. नाव असं, की कुंडीत लावायचं रोपटं वाटावं. शुक्रवार पेठेतल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "ताई, घाबरू नका. लई जणींना होतं हे. शरीरसंबंधातून येणारा जंतू, गोळ्यांनी पूर्ण जातो. पण मिस्टरांनाही घ्यायला लावा, त्यांना त्रास नसला तरी. नाहीतर तुम्हाला परत होईल की."

कधीपासून असेल? "सांगता येत नाही. महिनोन्‌महिने गप्प बसतो हा." ते 'सांगता येत नाही' मी रिक्षात घट्ट धरून बसले. लोकांच्या भाबडेपणावर सदरं लिहिणारी मी!

चहा झाल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील, "काहीतरीच काय" म्हणतील. म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता. खरंच ठेवला असता.

ह्यांनी गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "अगं, मग तिलाही घ्याव्या लागतील?"

तिलाही. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या औषधाची अशी काळजीनं चौकशी कधी केली नव्हती ह्यांनी. एखादं बोचरं वाक्य सुचायला हवं होतं. माझा धंदाच तो. तिलाही!

"हो," म्हटलं, "तिलाही लगेच दाखवायला सांगा. अंगावर काढलं तर पुढं मूल राहायला अडचण येते."

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला, आणि तिचं वय मला न विचारता कळलं.