रिकाम्या चर्चमधली मंगळवारची भाषणं

६ जानेवारी, मंगळवार
नवीन वही. संकल्प: रोज लिहिणे. फक्त सत्य लिहिणे.

आजचं सत्य: मी, दिनकर, निवडणुकीला उभा आहे. मार्चमध्ये न्यूनेन या आमच्या डच गावाच्या नगरपालिकेची निवडणूक. एका छोट्या स्थानिक पक्षानं यादीत घेतलं. एकोणिसावा नंबर. यादी एकोणीस जणांचीच आहे, पण भरवशाचा माणूस लोक राखीव ठेवतात. आमच्या ऑफिसातही मला अकरा वर्षं राखीवच ठेवलंय.

बायकोला, वीणाला कळवलेलं नाही. सरप्राइज. ती ऑक्टोबरमध्ये पुण्याला गेली, तिच्या आईच्या मोतिबिंदूसाठी. ऑपरेशन वीस मिनिटांत झालं, रिकव्हरीला तीन महिने लागताहेत. म्हाताऱ्या माणसांचं काही सांगता येत नाही. पाडव्यापर्यंत येईल. तोवर मी नगरसेवक. मग म्हणून दाखव म्हणावं, तू नुसता बोलतोस.

घरात आवाज फार येतात हल्ली. हीटिंगचे पाइप असणार.

१३ जानेवारी, मंगळवार
दुपारी श्रीनिवासच्या घरी मराठी मंडळाची मीटिंग. अध्यक्ष मी, खजिनदार श्रीनिवास. आपण चर्चचा हॉल वापरतो, तेव्हा तिथे प्रचाराचं अवाक्षर काढायचं नाही, असं श्रीनिवास माझ्याकडेच बघून म्हणाला. चर्चला करमाफीचा 'आन्बी' दर्जा आहे, देणगीदारांना त्यावर सूट मिळते, आपल्यामुळे त्यांच्या मागे भानगड नको. हा माणूस चहात साखर घालतानाही नियम विचारतो.

घरी येऊन इंटरनेटवर वाचलं. बाप रे. धर्मगुरूनं भर चर्चमध्ये एका उमेदवाराचं नाव घेतलं की करमाफीच धोक्यात! श्रीनिवास चक्क बरोबर होता.

पण मी विचार करणारा माणूस. ऐकायला कुणी नसेल तर ते भाषण कसलं? रिकाम्या चर्चमध्ये बोलणं म्हणजे बाथरूममधलं गाणं. त्यावर कोण कर लावणार? मंगळवारी साडेपाच ते साडेसहा मंडळाचा स्लॉट असतो, बहुतेकदा रिकामाच जातो, किल्ली माझ्याकडे.

लगेच गेलो. माईक चालू केला. माईकशिवाय भाषण म्हणजे फोडणीशिवाय आमटी. खांबावर एक लाल दिवा लागला. हीटरचा असावा. थंडी होती तेवढीच राहिली.

विषय: तळ्याजवळच्या सायकल रस्त्यावरचे बंद दिवे. आठ मिनिटं डचमध्ये बोललो. चाळीस वेळा अडलो. उत्तम सुरुवात.

२० जानेवारी, मंगळवार
चर्चमध्ये आज कुणीतरी होतं.

म्हणजे नव्हतं. सगळे बाक तपासले, ऑर्गनच्या मागे पाहिलं. पण बोलताना स्पष्ट वाटत होतं की कुणीतरी ऐकतंय. श्वास रोखून. मी थांबलो की तेही थांबतं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. मारुतीचं स्तोत्र तीनदा म्हटलं, ते घसा मोकळा व्हावा म्हणून. माईकवर म्हटल्यामुळे फार छान घुमलं.

२७ जानेवारी, मंगळवार
संकल्प: घरात वीणाला हाका मारणे बंद. सकाळी 'अगं, माझा चष्मा कुठाय' असं ओरडलो. वरच्या मजल्यावर पाऊल वाजलं. धावत गेलो. कुणी नाही. चष्मा डोळ्यांवर होता.

चर्चमध्ये भाषण दहा मिनिटांत संपलं. वेळ उरला. रिकाम्या जागेत नजर कुठे ठेवायची हा वक्त्याचा जुना प्रश्न, म्हणून तिसऱ्या रांगेत वीणा बसली आहे असं धरलं. निव्वळ टेक्निक. मग तिला दोन शब्द मराठीत सांगितले. आमटी कशी करपते, मिक्सरचं झाकण सापडत नाही, लवकर ये, वगैरे. पन्नास मिनिटं झाली.

३ फेब्रुवारी, मंगळवार
चर्च. दिवे: सहा मिनिटं. वीणा: चोपन्न मिनिटं.

एक जाणवलं. तिसऱ्या रांगेतली वीणा मधे बोलत नाही. खरी वीणा 'झालं तुझं?' असं विचारायची. ही बसून राहते. अंगावर काटा आला. तरी बोललो. मुद्दे पक्के होते.

७ फेब्रुवारी, शनिवार
संहिता लायडनहून आली. मी मराठीत विचारतो, लेक इंग्लिशमध्ये उत्तर देते. आईशी बोलणं होतं का, असं विचारलं. रोज, म्हणाली. माझ्याशी दर पंधरवड्याला होतं. वीणा बिझी असते. आईचे डोळे.

संहिता वीणाचं कपाट उघडून बराच वेळ उभी राहिली. तिथं एकही स्वेटर नाही. मी सांगितलं, यंदा पुण्यात थंडी जास्त आहे. तिनं मला मिठी मारली आणि चारची बस पकडली. हल्लीची मुलं भावनाप्रधान आहेत.

१० फेब्रुवारी, मंगळवार
आज चर्चमध्ये आवाज बसला. दोन-तीनदा थांबावं लागलं. सर्दी. घर खायला उठतं गं, असं काहीतरी बोलून गेलो. सर्दीत माणूस काहीही बोलतो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
दिवे राहून गेले. पूर्ण तास वीणा. निघताना तिसऱ्या रांगेकडे न बघता निघालो. दार लावताना आतून खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. सायकल इतकी जोरात आयुष्यात मारली नव्हती.

१८ फेब्रुवारी, बुधवार
मेलो.

चर्चची देखभाल करणाऱ्या हेंकचा फोन. फार सभ्य माणूस, हळूहळू सांगितलं. त्या माईकचं बटण दाबलं की आवाज आपोआप जिथे जायचा तिथे जातो. ज्या म्हाताऱ्यांना रविवारी चर्चला येता येत नाही, त्यांच्या घरातल्या छोट्या रेडिओवर. लाल दिवा त्याचाच. तेवीस घरं. सहा मंगळवार.

वृद्धाश्रमातल्या एक्क्याण्णव वर्षांच्या बाईंनी चौकशी केली म्हणे, हे मंगळवारचे नवे धर्मगुरू कोण? डच इतकं सावकाश बोलतात की शब्दन् शब्द कळतो. पुढे परकी प्रार्थना लागते, ती फार दुःखी आहे, पण आपण शेवटपर्यंत ऐकतो.

म्हणजे होतं कुणीतरी. तेवीस जण होते.

आणि हेंक म्हणाला, रेकॉर्डिंगं चर्चच्या वेबसाइटवर आहेत. मी संहिताला फोन करून विचारलं, वेबसाइटवरून गोष्टी पुसतात कशा? तिनं लिंक मागितली. दिली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
झोप नाही. प्रचाराचं भाषण, चर्चमधून, थेट प्रक्षेपण! माझ्या दिव्यांपायी त्या गरीब चर्चची करमाफी जाणार. रविवारी देणगी देणाऱ्या आज्या मला शिव्या घालणार. श्रीनिवास मात्र पेढे वाटणार.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
निळं पाकीट आलं. या देशात निळं पाकीट एकच खातं पाठवतं. करखातं.

उघडलं नाही. नावही वाचलं नाही, वेळ नव्हता. देव्हाऱ्यामागे पालथं ठेवलं.

४ मार्च, बुधवार
पाकीट घरभर फिरतंय. मीच हलवतो, पण तरी. देव्हाऱ्यामागून तांदळाच्या डब्याखाली, तिथून वीणाच्या कपाटात. कुठल्याही खोलीत बसलो तरी ते कुठे आहे हे मला पाठीनं कळतं.

पत्रकं वाटायची राहिली. पक्षानं विचारलं नाही. विश्वास टाकलाय.

१० मार्च, मंगळवार
चर्चच्या मंडळींसमोर हजर झालो. सुटाबुटात. बारा पानी माफीनामा तयार होता. दुसऱ्या पानावर हेंकनं थांबवलं.

त्यांचे हिशेबनीस म्हणाले, घाबरू नका. इथं चर्चमध्ये कुणी राजकारण बोललं म्हणून लगेच दर्जा जात नाही, आमचे धर्मगुरू दर रविवारी सरकारला धारेवर धरतात. मी वाचलेला लेख अमेरिकेचा होता. शिवाय त्यांनी सगळी रेकॉर्डिंगं ऐकली होती. त्यात राजकारण साधारण पाऊण तास, बाकी सगळं परक्या भाषेत, दर वाक्यात कुणा वीणाचं नाव. त्यांनी कागदावर नोंदही केली: राजकीय प्रभाव आढळला नाही.

इतका अपमान उभ्या आयुष्यात झाला नाही. चर्च वाचलं, ही समाधानाची गोष्ट.

निघताना हेंकनं विचारलं, वीणा गेल्या का? मी म्हटलं, हो, पुण्याला. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याचा काहीतरी गैरसमज झाला असावा.

मग निळ्या पाकिटात काय आहे?

११ मार्च, बुधवार
उघडलं. माझ्या नावाचं नव्हतंच. वीणाच्या नावाचं होतं. देश सोडून गेलेल्यांनी त्या वर्षीच्या कराचा जो वेगळा फॉर्म भरायचा असतो, तो. देश सोडल्याची तारीख: २८ ऑक्टोबर. ही तारीख तिनं स्वतः नगरपालिकेत नोंदवली आहे.

फॉर्म भरताना चुकून टिक झालं असेल. होतं असं. डच फॉर्म फार किचकट असतात.

वीणाचं डच माझ्यापेक्षा चांगलं आहे.

१८ मार्च, बुधवार
मतदान केलं. स्वतःलाच. पेन्सिल लाल असते.  

१९ मार्च, गुरुवार. गुढीपाडवा
गुढी उभारली. कडुलिंब मिळाला नाही, कढीपत्ता लावला. पक्षाचा मेसेज आला. मला तीन मतं. एक माझं. दुसरी दोन वृद्धाश्रमाच्या केंद्रावरची. लाट होती म्हणता येणार नाही, पण पाया घातला गेलाय.

संध्याकाळी
वीणाचा फोन आला. स्वतःहून!

आईचे डोळे नोव्हेंबरपासूनच ठणठणीत आहेत म्हणे. संहितानं तिला ती लिंक पाठवली होती. सहाही रेकॉर्डिंगं तिनं ऐकली. सलग नाही, रोज थोडी थोडी, स्वयंपाक करताना. एकदा रडू आलं, म्हणाली. मला वाटलं, जिंकलो. पाडवा पावला.

मग ती म्हणाली, चार तास ऐकलं रे मी. तुझी आमटी, तुझी सर्दी, तुझे दिवे, तुझं घर, ये, परत ये, शंभरदा ये. चार तासांत एकदा, एकदा तरी, वीणा तू कशी आहेस, असं विचारशील म्हणून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

हा आरोप अन्यायाचा होता, म्हणून मी शांतपणे खुलासा केला. मुद्दा एक, प्रश्न गृहीत होता. मुद्दा दोन, ती समोर नव्हती. मुद्दा तीन, तो सरावाचा मजकूर होता. चौथ्या मुद्द्याला लक्षात आलं, पलीकडे कुणी नाही. तिनं फोन केव्हा ठेवला ते कळलं नाही.

लगेच मेसेज लिहायला घेतला. पहिली ओळ: कशी आहेस? त्याखाली उरलेले मुद्दे घातले. तीन स्क्रीन झाले. वाचून पाहिलं, माझं मलाच नको झालं. सगळं सिलेक्ट करून खोडलं. पहिली ओळही त्यात गेली.